वीज कोणी घालवली? सायबर हल्ल्यापासून अणुयुद्धापर्यंतची वाट



१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतो का? करोनाचे दिवस होते. शाळा मोबाईलच्या पडद्यावर भरत होती. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एका झटक्यात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. बऱ्याच भागांत काही तासांनी वीज परत आली, काही ठिकाणी त्याहून उशीर लागला. आपण सगळे म्हणालो, "कुठेतरी लाईन ट्रिप झाली असेल," आणि विसरून गेलो.

मार्च २०२१ च्या सुरुवातीला हा विषय पुन्हा वर आला. रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकेतल्या सायबर सुरक्षा कंपनीने एक अहवाल काढला. चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या वीज क्षेत्रातल्या १० संस्थांच्या संगणक जाळ्यांना लक्ष्य केले आणि त्यांत देशातल्या ५ पैकी ४ प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांचाही समावेश होता, असे त्यात म्हटले होते. गलवानच्या खोऱ्यात १५ जून २०२० रोजी आपले २० जवान शहीद झाले होते, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितले की मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नाही. चीनने आरोप फेटाळले. आणि त्या कंपनीनेही, मुंबईचा अंधार आणि ही घुसखोरी यांचा थेट संबंध सिद्ध होत नाही, असेच म्हटले होते.

म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की कावळ्यानेच फांदी मोडली? आजही यावर सगळ्यांचे एकमत नाही.

आता विचार करा. भारत आणि चीन ही दोन्ही अण्वस्त्रधारी राष्ट्रे. सीमेवर सैन्य समोरासमोर उभे. अशा वेळी एका महानगराची वीज जाते आणि ती कोणी घालवली हे कळत नाही. हाच आजच्या पाठाचा विषय आहे. सायबर संघर्षातून अण्वस्त्रधारी देशांमध्ये खरे युद्ध कसे पेटू शकते? मुले हा प्रश्न विचारतात. "सर, हॅकिंगमुळे अणुबॉम्ब पडू शकतो का?" त्यांना "काहीतरी काय विचारतोस!" असे म्हणून गप्प करण्यापेक्षा नीट उत्तर दिलेले बरे.

आधी मुळाक्षरे : सायबर संघर्ष म्हणजे काय?

एका देशाने दुसऱ्या देशाच्या संगणक जाळ्यात केलेल्या कुरघोडीला आपण सरसकट "सायबर हल्ला" म्हणतो. पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, हेरगिरी. शांतपणे आत शिरायचे, माहिती बघायची, जमल्यास कॉपी करायची. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसखोरी झाली होती. ते दूषित अपडेट सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या संस्थेचे कार्यालयीन जाळेही त्यातून सुटले नाही.

दुसरी, व्यत्यय. संकेतस्थळे बंद पाडणे, दूरध्वनी ठप्प करणे, काही काळ कामकाज अडवणे.

तिसरी, नासधूस. यात संगणकातली आज्ञावली प्रत्यक्ष यंत्राची मोडतोड करते. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट हा याचा गाजलेला नमुना. इराणच्या नातांझ येथील केंद्रात युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे त्याने वेडीवाकडी फिरवली, आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र "सगळे ठीक आहे" असेच आकडे दाखवले. सुमारे हजारभर यंत्रे निकामी झाली, असा अंदाज आहे. हे काम अमेरिका आणि इस्रायलचे होते असे व्यापकपणे मानले जाते, पण दोघांनीही ते अधिकृतपणे कधी कबूल केलेले नाही.

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये काय झाले तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. वीज वितरण कंपनीतले कर्मचारी बसलेत, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलतोय, एकेक स्विच बंद करतोय! सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक काही तास अंधारात गेले. शेवटी माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि हाताने स्विच चालू केले.

इथवर वाचून वाटेल, त्रास आहे खरा, पण यातून युद्ध कसे होणार? वीज परत येते, संगणक बदलता येतात. मग घोडे अडते कुठे?

अण्वस्त्रधारी देशांचेच वेगळे काय?

जगात आज नऊ देशांकडे अण्वस्त्रे आहेत : अमेरिका, रशिया, चीन, फ्रान्स, ब्रिटन, भारत, पाकिस्तान, उत्तर कोरिया आणि इस्रायल. इस्रायलने तसे जाहीरपणे कधी मान्य केलेले नाही. सगळे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे, आणि त्यांतली बहुसंख्य अमेरिका व रशियाकडे.

अण्वस्त्रे वापरली जात नाहीत याचे मोठे कारण म्हणजे भीती. "तू मारलेस तर मीही मारीन, आणि मग दोघेही उरणार नाही." यालाच प्रतिरोधन म्हणतात. हे प्रतिरोधन तीन खांबांवर उभे असते. हल्ला होतोय की नाही हे नक्की कळले पाहिजे. आपला आदेश आपल्या सैन्यापर्यंत पोहोचेल याची खात्री पाहिजे. आणि आपली शस्त्रे शाबूत आहेत हा विश्वास पाहिजे.

हे तिन्ही खांब आज उपग्रह, रडार, केबल आणि संगणक यांच्यावरच उभे आहेत. सायबर हल्ल्याचा धोका नेमका इथे आहे. बॉम्ब थेट हॅक होईल ही भीती त्यामानाने दूरची. माणसाचा आपल्या डोळ्या-कानांवरचा विश्वास उडणे, ही जवळची.

युद्धाकडे नेणाऱ्या पाच वाटा

*१. कोणी केले तेच न कळणे*

क्षेपणास्त्र कुठून सुटले ते रडारवर दिसते. सायबर हल्ल्याचा माग मात्र तिसऱ्याच देशातल्या चौथ्याच कोणाच्या संगणकापर्यंत जातो. मुद्दाम खोटे ठसेही सोडले जातात. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या वेळी संगणक यंत्रणा कोलमडली. तो हल्ला उत्तर कोरियाने केला असे वाटावे अशा खुणा आज्ञावलीत पेरलेल्या होत्या. पुढे २०२० मध्ये अमेरिकेने त्यासाठी रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातल्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इथे तर आग लावणाराच सोमेश्वराकडे बोट दाखवतो.

खरा तपास व्हायला आठवडे, महिने लागतात. संतापलेली जनता आणि टीव्हीवरच्या चर्चा मात्र तासाभरात उत्तर मागतात.

*२. टेहळणी आणि हल्ला यांतला फरक न दिसणे*

समजा, रात्री घरात कोणीतरी शिरले आणि स्वयंपाकघरात गॅसच्या बटणापाशी उभे राहिले. तो नुसता बघायला आलाय की गॅस सोडायला? तुम्ही ओरडाल, की वाट बघाल?

संगणक जाळ्यात अगदी हेच होते. माहिती चोरायला जी दारे उघडावी लागतात, तीच दारे नासधूस करायलाही लागतात. त्यामुळे एका देशाच्या गुप्तहेरांनी दुसऱ्याच्या क्षेपणास्त्रांच्या नियंत्रण यंत्रणेत "फक्त काय चाललेय ते बघायला" डोकावले, तरी समोरच्याला वाटू शकते की हे आपली शस्त्रे निकामी करायला आले आहेत. शांततेच्या काळात ही शंका पचवता येते. सीमेवर तोफा धडधडत असताना ती पचत नाही. शस्त्र निकामी होण्याआधी वापरून टाकावे, असा मोह होऊ शकतो. अण्वस्त्रांच्या अभ्यासकांना सर्वांत जास्त धास्ती याच मोहाची वाटते.

*३. एकाच तारेवरचे दोन दिवे*

अनेक देशांत साध्या युद्धाची आणि अणुयुद्धाची यंत्रणा वेगळी नसते. अमेरिकेचे जे उपग्रह अणुक्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देतात, तेच साध्या क्षेपणास्त्रांवरही लक्ष ठेवतात. चीनचे डीएफ-२६ क्षेपणास्त्र साधे स्फोटकही नेऊ शकते आणि अण्वस्त्रही. अशा वेळी समोरचा देश साध्या लढाईत सरशी मिळावी म्हणून एखादा उपग्रह किंवा दळणवळण केंद्र आंधळे करतो. इकडे मात्र वाटते, "हे तर आपले अणुसंरक्षणच फोडायला निघालेत!"

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या अणुधोरणात म्हटले आहे की, नागरी जनतेवर, पायाभूत सुविधांवर किंवा अण्वस्त्रांच्या नियंत्रण व पूर्वसूचना यंत्रणेवर गंभीर हल्ला झाला, तर तो अण्वस्त्राने केलेला नसला तरी अण्वस्त्रांचा विचार होऊ शकतो. रशियाने जून २०२० मध्ये जाहीर केलेल्या धोरणातही एक अट आहे. ज्या ठिकाणांवरचा आघात अणुप्रत्युत्तर देण्याची क्षमता खिळखिळी करेल, अशा महत्त्वाच्या सरकारी किंवा लष्करी ठिकाणांवर हल्ला झाला, तर रशिया अण्वस्त्र वापरू शकतो. हा आघात बॉम्बनेच व्हायला हवा, असे काही त्यात म्हटलेले नाही.

*४. घड्याळ*

रशियातून निघालेले क्षेपणास्त्र अमेरिकेत पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. पाणबुडीतून सुटले तर त्याहून कमी. भारत आणि पाकिस्तान तर शेजारी, त्यामुळे इथे हिशेब काही मिनिटांचाच. या मिनिटांत पडद्यावर दिसतेय ते खरे की खोटे, हे ठरवायचे असते.

हॅकर नसतानाही संगणकाने कसा गोंधळ घातला होता, त्याची दोन उदाहरणे बघा. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. नंतर कळले, सरावासाठीची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत गेली होती. ३ जून १९८० ला पुन्हा तसेच झाले. या वेळी कारण होते ४६ सेंट किमतीची एक बिघडलेली चिप. आता कल्पना करा, असा खोटा हल्ला कोणी मुद्दाम पडद्यावर दाखवला तर? किंवा खरा हल्ला दाखवणारा पडदा, नातांझसारखा, "सगळे ठीक आहे" असे म्हणत राहिला तर?

*५. वणवा*

शेत भाजायला लावलेली आग बांध बघत नाही. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाची घातक आज्ञावली सोडली गेली. रोख युक्रेनवर होता. पण काही तासांत ती जगभर पसरली. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले, आणि त्याची झळ थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत आली. तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले आणि कंटेनर अडकून पडले. जगभरातले एकूण नुकसान सुमारे एक हजार कोटी डॉलरचे धरले जाते. पुढच्या वर्षी अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याला रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले.

रशियाचे सैन्य २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये शिरले. त्याच्या सुमारे तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेटवर हल्ला झाला. त्याचा परिणाम म्हणून जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. जर्मनी त्या युद्धात नव्हता, पण तो नाटोचा सदस्य आहे. आणि गंभीर सायबर हल्ला हा सर्व सदस्यांवरचा हल्ला मानला जाऊ शकतो, असे नाटोने २०१४ मध्येच ठरवलेले आहे. म्हणजे बाण एकाला मारला आणि लागला भलत्यालाच, तरी लढाई मोठी होऊ शकते.

शब्दाने शब्द वाढतो तसे

दोन शेजाऱ्यांचे भांडण नळाच्या पाण्यावरून सुरू होते आणि पोलिस चौकीत संपते. मधली एकेक पायरी बघितली तर प्रत्येकाला आपले वागणे रास्तच वाटलेले असते. हर्मन कान या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये संघर्ष वाढण्याच्या अशा ४४ पायऱ्यांची शिडी मांडली होती. आपण सोपी, सात पायऱ्यांची करू. "क" आणि "ख" हे दोन काल्पनिक अण्वस्त्रधारी देश धरू.

पहिली पायरी : सीमेवर चकमक होते, दोन्हीकडचे काही सैनिक मरतात.

दुसरी : "ख" देशातल्या काही उत्साही तरुणांचा गट, सरकारला न विचारता, "क" च्या बँकांची संकेतस्थळे बंद पाडतो. "क" ला वाटते, यामागे सरकारच आहे.

तिसरी : "क" उत्तर म्हणून "ख" च्या एका शहराची वीज दोन तास घालवायचे ठरवतो. पण आज्ञावली अंदाजापेक्षा जास्त पसरते. चार शहरांत अंधार होतो, रुग्णालयांत माणसे दगावतात.

चौथी : त्याच वीजजाळ्यावर "ख" चे एक लष्करी रडार चालत असते. "क" ला हे ठाऊकच नसते. रडार काही मिनिटे बंद पडते.

पाचवी : "ख" चे सेनापती म्हणतात, "आधी वीज, आता रडार. ही मोठ्या हल्ल्याची तयारी आहे." ते क्षेपणास्त्रे लपवलेल्या जागेतून बाहेर काढून विखरून ठेवतात. त्यांच्या मते हा बचाव असतो.

सहावी : "क" चे उपग्रह ती हालचाल टिपतात. त्यांना तो बचाव दिसत नाही, हल्ल्याची तयारी दिसते.

सातवी : आता दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो. आधी कोण?

या सात पायऱ्यांत अणुयुद्ध कोणाला हवे होते? कोणालाच नाही. कोणी वेडेपणाही केला नाही. प्रत्येकाने समोर दिसले त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला. साप समजून भुई धोपटायला घेतली, आणि काठीचा आवाज ऐकून समोरच्याने कुऱ्हाड उचलली.

मग आजवर असे झाले का नाही?

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मुलांच्या मनात नुसती भीती बसेल. आजवर कोणताही सायबर हल्ला अण्वस्त्रधारी देशांना थेट युद्धात घेऊन गेलेला नाही. उलट काही वेळा त्याने प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम केले आहे. जून २०१९ मध्ये इराणने अमेरिकेचे ड्रोन पाडले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरलेला हवाई हल्ला शेवटच्या क्षणी रद्द केला, आणि त्याऐवजी इराणच्या यंत्रणांवर सायबर हल्ला केला गेला, अशा बातम्या आल्या. बॉम्ब पडले असते तर माणसे मेली असती. तेव्हा काही अभ्यासक म्हणतात की सायबर हल्ला हा राग काढण्याचा त्यातल्या त्यात सौम्य मार्ग आहे.

दुसरे असे की, अण्वस्त्रांची मुख्य यंत्रणा सर्वसाधारण इंटरनेटपासून वेगळी ठेवलेली असते. २०१९ मध्ये आपल्या कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात घातक आज्ञावली सापडली, तेव्हा ती प्रशासकीय कामाच्या संगणकात होती आणि अणुभट्टीचे नियंत्रण करणारे जाळे त्यापासून अलग होते, असे अणुऊर्जा महामंडळाने स्पष्ट केले. पण पूर्ण निश्चिंतही राहता येत नाही. नातांझचे जाळेही इंटरनेटपासून अलगच होते. तिथे ती आज्ञावली पेन ड्राइव्हसारख्या साध्या मार्गाने आत गेली, असे मानले जाते.

आणि तिसरे कारण म्हणजे माणूस. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव पेट्रोव्ह ड्यूटीवर होते. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा आला. मग आणखी चार. एकूण पाच. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा जीव घेतला होता, त्यामुळे वातावरण आधीच तापलेले. पेट्रोव्ह यांनी विचार केला, खरा हल्ला करायचा तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नाही. त्यांनी वर कळवले, "इशारा चुकीचा आहे." आणि तो चुकीचाच निघाला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह फसला होता.

आपल्या उपखंडातले अलीकडचे उदाहरण ९ मार्च २०२२ चे. भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते, कोणी दगावले नाही. भारताने ११ मार्चला ही चूक जाहीरपणे मान्य केली, चौकशी केली, आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. पाकिस्ताननेही हात आवरला. पण हेच जर एखाद्या मोठ्या सायबर हल्ल्याच्या दिवशी, सीमा पेटलेली असताना झाले असते तर? "चुकून सुटले" यावर कोणी विश्वास ठेवला असता?

उपाय काय आहेत?

पहिला उपाय, बोलण्याची वाट उघडी ठेवणे. २०१३ मध्ये अमेरिका आणि रशिया यांनी सायबर घटनांबद्दल एकमेकांना तातडीने विचारता यावे म्हणून थेट संपर्काची सोय केली. भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये हॉटलाइन आहे. १० मे २०२५ च्या दुपारी याच मार्गाने बोलणे झाले आणि त्या संध्याकाळी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवण्याचे ठरले.

दुसरा, काही जागा "ना-हल्ला क्षेत्र" ठरवणे. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. युद्धे झाली, संबंध तुटले, तरी १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा विमाने आणि बॉम्ब होते. त्यात सायबर हल्ल्याचा स्पष्ट उल्लेख आला तर दोन्हीकडच्या लोकांचे भलेच होईल. संयुक्त राष्ट्रांमध्येही २०१५ मध्ये तज्ज्ञ गटाने वीज, पाणी, रुग्णालये अशा सुविधांना शांततेच्या काळात हात लावू नये, असा संकेत मांडला. तो बंधनकारक नाही, पण सुरुवात आहे.

तिसरा, शेवटचा निर्णय माणसाच्याच हातात ठेवणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी मान्य केले की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेवर न सोपवता माणसाकडेच राहावा. पेट्रोव्ह यांच्या जागी यंत्र असते तर? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

चौथा, थांबायला वेळ ठेवणे. भारताने ४ जानेवारी २००३ ला जाहीर केलेल्या धोरणात प्रथम वापर न करण्याचे तत्त्व आहे. ज्याला आधी मारायचेच नाही, त्याला प्रत्येक धोक्याच्या घंटेवर काही मिनिटांत उत्तर द्यायची घाई नसते.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, हे सगळे दिल्ली, बीजिंग, वॉशिंग्टनचे काम. आपला काय संबंध?

मे २०२५ मधली ती रात्र आठवा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर काय काय फिरत होते! "पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने देशातली ७० टक्के वीज यंत्रणा बंद" असाही एक संदेश समाजमाध्यमांवर होता. तो खोटा असल्याचे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले. सायबर हल्ले खरोखर होतच होते. त्या काळात १५ लाख प्रयत्न झाले आणि त्यांतले १५० यशस्वी ठरले, असे महाराष्ट्र सायबर विभागाने सांगितले. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दहा हजारांमागे एक प्रयत्न यशस्वी. आणि अफवा? ती तर पाठवली तितक्यांदा "यशस्वी".

हल्लेखोराला पुष्कळदा वीज घालवायचीच गरज नसते. वीज जाणार असे लोकांना वाटले तरी पुरते. घाबरलेली जनता सरकारवर "काहीतरी करा" म्हणून दबाव आणते आणि शिडीची पुढची पायरी जवळ येते. म्हणून न तपासता पुढे पाठवलेला संदेश ही साधी चूक नाही.

वर्गात घेण्यासाठी : पाच मिनिटांचा निर्णय

आठवी ते दहावीच्या वर्गात हा खेळ एका तासिकेत सहज होतो.

वर्गाचे चार-पाच गट करा. प्रत्येक गट म्हणजे एका देशाची सुरक्षा समिती. पहिली चिठ्ठी सगळ्यांना सारखीच द्या : "राजधानीची वीज गेली आहे. शेजारी देशाशी महिनाभर तणाव आहे. एका अनोळखी गटाने जबाबदारी घेतली आहे. पाच मिनिटांत निर्णय घ्या." पर्याय चार : तपास पूर्ण होईपर्यंत थांबणे, हॉटलाइनवर विचारणे, तसाच सायबर हल्ला करणे, सैन्य हलवणे.

मध्येच, तिसऱ्या मिनिटाला, अर्ध्या गटांना आणखी एक चिठ्ठी द्या : "टीव्हीवर शेजारी देशाचे नाव घेतले जात आहे. लोक रस्त्यावर उतरले आहेत." उरलेल्या गटांना हे सांगू नका. फळ्यावर सगळ्यांचे निर्णय लिहा. मग शेवटची चिठ्ठी मोठ्याने वाचा : "उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर जुना होता. हल्ला झालाच नव्हता."

त्यानंतर वर्गात जी शांतता पसरते, ती एका धड्याइतकी बोलकी असते. मग हे प्रश्न विचारा :

१. तुमच्याकडे नक्की माहिती कोणती होती आणि तुम्ही गृहीत काय धरले?
२. दुसरी चिठ्ठी मिळालेल्या गटांचे निर्णय वेगळे झाले का? का?
३. आणखी एक दिवस मिळाला असता तर निर्णय बदलला असता का?
४. तुमच्या निर्णयाचा समोरच्या देशाने काय अर्थ लावला असता?

लहान वर्गांसाठी "कानगोष्टी"चा खेळही चालेल. पहिल्या मुलाच्या कानात सांगितलेले वाक्य शेवटच्या मुलापर्यंत काय होऊन पोहोचते, ते बघून मुले हसतात. हसून झाले की विचारा, हे वाक्य "शेजाऱ्याने हल्ला केला" असे असते तर?

पालकांनी घरी एवढेच करावे. मुलाने असा काही संदेश दाखवला की त्याला रागवू नका आणि लगेच खरेही मानू नका. "हे कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? अजून कोणी सांगितलंय का?" हे तीन प्रश्न त्याच्याबरोबर बसून विचारा. त्या रात्री भूमिगत केंद्रात पेट्रोव्ह यांनीही जवळपास हेच केले होते. पडद्यावर लाल अक्षरे चमकत असताना त्यांनी आधी स्वतःला विचारले, "हे दुसरीकडे कुठे दिसतंय का?"